जुना सिनेमा त्याच्याच चौकटीत कसा दाखवावा

आमचं चित्रपट मंडळ महिन्यातून दोनदा जुने सिनेमे दाखवतं. खोली तीसेक माणसांची. प्रोजेक्टर, केबली, पडदा हा सगळा संसार गेली सतरा वर्षं माझ्याकडे आहे. पहिल्याच वर्षी १९४० च्या दशकातला एक कृष्णधवल चित्रपट लावला होता. वीसेक मिनिटं झाली असतील, पुढच्या रांगेतल्या एक आजी मागे वळून मला म्हणाल्या, "अगं, ही अशी नव्हती गं. हिची हनुवटी निमुळती होती." आजींनी तो चित्रपट तरुणपणी थेटरात पाहिला होता. मी उठून प्रोजेक्टरचं मेनू उघडलं. चित्र 'फुल'वर होतं. ते '४:३' केलं आणि दोन्ही कडा आत सरकल्या, दारं उभट झाली, आणि त्या नटीची हनुवटी परत आली. वीस मिनिटं खोलीतल्या सगळ्यांनी तिचा चुकीचा चेहरा पाहिला होता, आणि आजींखेरीज कुणाला ते जाणवलंही नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही चित्रपट लावण्याआधी मी त्याची चौकट तपासते. त्याला अर्धा तास लागतो, कधी त्याहून कमी. तो अर्धा तास कसा घालवायचा ते इथे लिहिते आहे. घरच्या टीव्हीवर चार जणांना दाखवणार असाल तरी हेच लागू आहे.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. आपलं काम पडदा भरायचं नाही, चित्र पूर्ण दाखवायचं आहे. कॅमेऱ्यामागच्या माणसाने माणूस कुठे उभा करायचा, त्याच्या डोक्यावर किती जागा सोडायची, दार फ्रेममध्ये घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे सगळं एका ठरावीक चौकटीत बघून ठरवलेलं असतं. चौकट बदलली की हे सगळे निर्णय आपण परस्पर फिरवतो. काळ्या पट्ट्या दिसल्या की लोकांना चित्र कापलं गेल्यासारखं वाटतं. जुन्या सिनेमाच्या बाबतीत बहुतेक वेळा उलट असतं: पट्ट्या असतात तेव्हा चित्र पूर्ण असतं आणि पट्ट्या नसतात तेव्हा ते कापलेलं किंवा ताणलेलं असतं.

चित्रपटाची मूळ चौकट कुठली?

रुंदीला उंचीने भागलं की जो आकडा येतो तो अ‍ॅस्पेक्ट रेशो. आजचा टीव्ही १६:९, म्हणजे १.७८. जुन्या काळात जवळपास कुठलाच चित्रपट नेमका या आकाराचा नव्हता. त्यामुळे आजच्या पडद्यावर जुना सिनेमा लावला की कुठल्या ना कुठल्या बाजूला काळी जागा उरणारच.

मूळ चौकट ओळखायला सर्वात आधी साल बघा. मूकपटांची चौकट १.३३, म्हणजे ४:३. ३५ मिमी फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात, एका चित्राला चार छिद्रांची उंची मिळायची आणि छिद्रांमधली सगळी रुंदी चित्राची असायची. १९२७ नंतर आवाज फिल्मवरच उमटू लागला, त्याची पट्टी एका कडेला बसली आणि चित्राची रुंदी तेवढी कमी झाली. त्या दोन-चार वर्षांतले काही बोलपट त्यामुळे जवळजवळ चौरस आहेत, १.१९. फ्रिट्झ लांगचा १९३१ चा 'एम' त्यातलाच. हे चित्रपट १.३३ मध्ये दाखवले की वरून किंवा खालून चित्र जातं, आणि लांगसारख्या दिग्दर्शकाच्या बाबतीत तो तोटा फार मोठा आहे. १९३२ साली ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीने वरची-खालची थोडी जागा झाकून चौकट पुन्हा पूर्वीच्या आकाराजवळ आणली. हीच ती १.३७ ची 'अकादमी' चौकट. तिथपासून १९५३ च्या सुरुवातीपर्यंतचा जवळपास प्रत्येक बोलपट याच चौकटीतला. या काळातला चित्रपट तुमच्या टीव्हीवर कडेपासून कडेपर्यंत भरलेला दिसत असेल तर काहीतरी बिघडलं आहे, हे न तपासताही सांगता येतं.

मग टीव्ही आला आणि थेटरं रिकामी पडू लागली, तसा सिनेमा रुंद झाला. सप्टेंबर १९५२ मध्ये तीन प्रोजेक्टर आणि वक्र पडदा घेऊन सिनेरामा आला. पुढच्या सप्टेंबरमध्ये 'द रोब' हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट लागला. स्कोपची युक्ती लेन्समध्ये आहे. चित्रीकरणाच्या वेळी लेन्स चित्राला आडवं दाबून निम्म्या रुंदीत बसवते आणि प्रोजेक्टरवरची लेन्स ते पुन्हा दुप्पट उलगडते. सुरुवातीचे स्कोप चित्रपट २.५५ चे होते. आवाजाची नेहमीची पट्टी परत फिल्मवर आली तशी चौकट २.३५ झाली. १९७० नंतर मानक बदलून ती २.३९ च्या आसपास गेली, पण बोलताना अजूनही सगळे २.३५ च म्हणतात.

ज्यांना स्कोप नको होता त्यांनी दुसरी वाट धरली. साध्या लेन्सने चित्र घ्यायचं आणि थेटरात प्रोजेक्टरमध्ये वरची-खालची जागा झाकून ते रुंद करायचं. अमेरिकेत यातून १.८५ रूढ झालं, युरोपात बराच काळ १.६६. ७० मिमीचे चित्रपट २.२० चे. १९५९ चा 'बेन हर' तर २.७६, इतका लांबट की मोठ्या टीव्हीवरही रिबिनीसारखा दिसतो आणि तरी तसाच दाखवला पाहिजे.

फक्त साल बघून मात्र भागत नाही, देशही बघावा लागतो आणि माणूसही. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्तचा 'कागज के फूल', १९५९ चा. त्यानंतरही आपल्याकडे कितीतरी चित्रपट वर्षानुवर्षं अकादमी चौकटीतच बनत राहिले. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू १९६२ च्या शेवटच्या चित्रपटापर्यंत १.३७ सोडायला तयार झाला नाही, त्याच जपानात कुरोसावाने १९५८ पासून स्कोप जवळ केला. 'शोले'चं चित्रीकरण ३५ मिमीवर झालं आणि त्यावरून ७० मिमीच्या रुंद प्रती निघाल्या. अशा चित्रपटाच्या बाबतीत तुमच्या हातातली प्रत कशावरून काढलेली आहे हे विचारणं भाग आहे.

सर्वात अवघड काळ १९५३ ते १९५५. चित्रीकरण अकादमी चौकट डोळ्यासमोर ठेवून झालेलं आणि प्रदर्शनाच्या वेळी थेटरांना नवे रुंद पडदे लागलेले. जॉर्ज स्टीव्हन्सचा 'शेन' अकादमीत चित्रित झाला आणि १९५३ मध्ये स्टुडिओने तो १.६६ मध्ये कापून दाखवला. १९५४ च्या 'ऑन द वॉटरफ्रंट'च्या एका डिस्क-संचात तर चित्रपट तीन चौकटींत दिलेला आहे: १.३३, १.६६ आणि १.८५. अशा ठिकाणी एकच एक उत्तर नसतं. मी काय करते ते सांगते. दोन-तीन प्रसंग वेगवेगळ्या चौकटींत लावून बघते. डोक्यांवर आणि पायांखाली रिकामी जागा लोंबत असेल तर रुंद चौकट घेते. कपाळं कापली जात असतील तर अकादमी घेते. मग प्रेक्षकांना सुरुवातीला सांगते की ही निवड अशी केली आहे.

कधी कधी दिग्दर्शकानेच सांगून ठेवलेलं असतं. १९७५ मध्ये 'बॅरी लिंडन' लागला तेव्हा स्टॅन्ली कुब्रिकने थेटरांतल्या ऑपरेटरांना पत्र लिहिलं होतं. चित्रपट १.६६ चा आहे, तसाच दाखवा, आणि अगदीच नाइलाज असेल तरी १.७५ च्या पलीकडे जाऊ नका, असा त्याचा आशय होता. एवढा मोठा दिग्दर्शक प्रोजेक्टरजवळच्या माणसाला हात जोडून सांगतो की वरची-खालची जागा कापू नको बाबा. आपण त्या प्रोजेक्टरजवळचे आहोत, हे मला दर वेळी आठवतं.

हातातली प्रत खरी आहे का?

मूळ चौकट कळली, आता तुमच्याकडच्या डिस्कमध्ये किंवा फाइलमध्ये काय आहे ते बघा. बिघाड दोन तऱ्हेचे असतात. एक ताणण्याचा, दुसरा कापण्याचा. ताणलेलं चित्र तुम्हाला दुरुस्त करता येतं. कापलेलं चित्र येत नाही, त्याला दुसरी प्रतच शोधावी लागते.

ताणलेलं ओळखायला गोल वस्तू शोधा. गाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ, तबकडी, पौर्णिमेचा चंद्र, टेबलावरची बशी समोरून नव्हे तर वरून घेतलेली. चित्र थांबवा आणि पडद्यावर टेप लावून ती वस्तू आडवी आणि उभी मोजा. डोळ्यावर विसंबू नका, दहा मिनिटांत डोळा ताणलेल्या चेहऱ्याला सरावतो. आमच्या खोलीतली वीस मिनिटं हेच सांगतात. १.३७ चं चित्र १६:९ वर ताणलं की प्रत्येक गोष्ट तीस टक्के रुंद होते. मोजल्यावर हा फरक लपत नाही.

कापलेलं ओळखायला श्रेयनामावली बघा. जुन्या चित्रपटांत पाट्या चौकटीत नीट बेतून बसवलेल्या असायच्या, अक्षरांच्या चारही बाजूंना सारखी हवा. पाटीची पहिली ओळ वरच्या कडेला चिकटली असेल, वेलबुट्टीची किनार वर आणि खाली गायब असून फक्त डावी-उजवीकडे दिसत असेल, तर वरचं-खालचं चित्र कुणीतरी कापून १६:९ केलेलं आहे. एका मूकपटाच्या प्रतीत मला याच पाटीने वाचवलं. मधल्या पाट्यांची नक्षीदार चौकट उजवीकडे पूर्ण होती, डावीकडे अर्धवट. बोलपटाच्या यंत्रातून मूकपट छापला की आवाजाच्या पट्टीच्या जागेपुरता चित्राचा डावा भाग जातो, आणि त्या प्रतीत तो सगळ्या चित्रपटभर गेलेला होता. नट सारखे डावीकडे सरकून उभे आहेत असं वाटत होतं. ती प्रत मी लावली नाही, कार्यक्रम महिनाभर पुढे ढकलला आणि पूर्ण चौकटीची प्रत मिळवली.

कापल्याने किती जातं याचा हिशोब एकदा करून बघाच. १.३७ चं चित्र १६:९ साठी कापलं की जवळजवळ चौथा हिस्सा जातो. २.३५ चं चित्र जुन्या ४:३ टीव्हीसाठी कापायचे तेव्हा शंभरातले त्रेचाळीस भाग जायचे, दोन माणसं बोलत असली की एकाचं नुसतं नाक दिसायचं. 'गॉन विथ द विंड' १९३९ चा, अकादमी चौकटीचा. १९६७ मध्ये तो ७० मिमीवर पुन्हा आणला तेव्हा वरून-खालून कापून २.२० केला. म्हणजे चित्राचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गेला, तोही मोठ्या पडद्यावर दाखवण्याच्या नावाखाली. आणि नाचाचे चित्रपट! हॉलीवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना त्याची आकृती डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसली पाहिजे. ती चौकट वरून-खालून कापली की डोकं वाचवायचं की पाय, एवढंच आपल्या हातात उरतं. पाय कापून नाच दाखवणं मला तरी जमणार नाही.

उलटाही प्रकार असतो. १.८५ साठी बेतलेला चित्रपट कधी कधी न झाकता, वरच्या-खालच्या जागेसकट प्रतीत आलेला असतो. त्यात जास्त चित्र दिसतं म्हणून खूश होऊ नका. तिथे वरून माइक लोंबताना दिसतो, सेटच्या भिंतीची वरची कड दिसते, आणि प्रत्येक माणूस फ्रेमच्या मधोमध बुटका वाटतो. ती जागा झाकण्यासाठीच ठेवलेली होती.

फाइलची माहिती बघायला मीडियाइन्फो हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. त्यात डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशो लिहिलेला असतो. डीव्हीडीवरून काढलेल्या फाइलींत तो हमखास बघा. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र जवळजवळ नेहमीच ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, मग चित्रपट ४:३ असो की १६:९. नेमकं काय आहे ते सांगणारी खूण वेगळी नोंदलेली असते. फाइल काढताना ती खूण हरवली की चित्र दबतं किंवा फुगतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ए' दाबत गेलं की चित्राचा आकार बदलत जातो, त्यातून '४:३' निवडलं की ताणलेलं चित्र सुधारतं. 'सी' मात्र चित्र कापतं. ही दोन बटणं कीबोर्डवर फार लांब नाहीत. कार्यक्रमाच्या मध्ये अंधारात चाचपडत दाबू नका, आधीच काय ते ठरवा.

टीव्ही, लॅपटॉप, प्रोजेक्टर

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'फुल', 'झूम', 'वाइड', 'ऑटो' अशी नावं असतात, आणि बहुतेक संचांत 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाचं काहीतरी असतं. हवं आहे ते हे शेवटचं. 'झूम' कापतं. 'वाइड' कधी कधी फक्त कडा ताणतं, मध्यभाग तसाच ठेवतं, त्यामुळे माणूस चालत कडेला गेला की जाड होतो. 'ऑटो' चित्र बघून स्वतःच निर्णय घेतं, तेव्हा ते बंदच करा. शिवाय काही संच चारही कडांची थोडी पट्टी खातात. 'जस्ट स्कॅन'ने तीही परत येते.

डिस्क प्लेअरमध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा. तो ४:३ वर असेल तर प्लेअर रुंद चित्रपट आधीच बारीक करून पाठवतो. ब्लू-रेवर अकादमी चौकटीचा चित्रपट असेल तर डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या चित्रातच असतात, तिथे टीव्ही 'फुल'वर असला तरी बिघडत नाही. जुन्या डीव्हीडीवर तसं नसतं, तिथे खरा घोटाळा होतो.

'झूम' बरोबर असण्याची एकच जागा मला माहीत आहे. काही जुन्या डीव्हीडींत रुंद चित्रपट ४:३ च्या चौकटीत वर-खाली पट्ट्या घालून बसवलेला असतो. आजच्या टीव्हीवर तो लावला की चारही बाजूंना काळं आणि मध्ये छोटंसं चित्र. तिथे 'झूम' करा, चित्राचं काही जात नाही.

लॅपटॉप जोडत असाल तर 'डुप्लिकेट' करू नका, 'एक्स्टेंड' करा. लॅपटॉपचा पडदा पुष्कळदा १६:१० असतो आणि प्रोजेक्टर १६:९. दोन्हींवर एकच चित्र पाठवायला सांगितलं की संगणक मधलाच कुठलातरी आकार निवडतो आणि एका बाजूला ताण बसतो. एक्स्टेंड करून प्रोजेक्टरला त्याचं स्वतःचं रेझोल्यूशन द्या.

प्रोजेक्टर पडद्यासमोर काटकोनात ठेवा. टेबल बुटकं पडलं म्हणून खाली पुस्तकं घालून तो वर तिरका केला की चित्र वरती पसरतं. मग लोक कीस्टोन, म्हणजे तिरक्या कडा सरळ करणारं प्रोजेक्टरचं सेटिंग, फिरवून ते चौकोनी करतात. कडा सरळ होतात, पण आतलं गोल गोल राहीलच असं नाही. मी टेबल बदलते. कीस्टोन शून्यावर.

यासाठी मी एकदा एक चित्र करून ठेवलं आहे, तुम्हीही करा, कुठल्याही चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये होतं. १९२० बाय १०८० ची काळी पाटी, मध्ये १००० ठिपके व्यासाचं पांढरं वर्तुळ, अगदी कडेने एक पांढरी रेघ. मग प्रत्येक चौकटीच्या रेघा वेगळ्या रंगात. मूकपटाच्या १.३३ साठी डावी-उजवीकडून २४० ठिपके आत, अकादमीसाठी २२०, १.६६ साठी ६४. १.८५ साठी वर-खालून २१, स्कोपच्या २.३५ साठी १३१. हे चित्र पडद्यावर टाकलं की तीन गोष्टी एकदम कळतात. कडेची रेघ पूर्ण दिसली तर काही कापलं जात नाही. वर्तुळ टेपने दोन्हीकडून सारखं भरलं तर ताण नाही. आणि आजच्या चित्रपटाच्या रेघा जिथे पडल्या तिथे पडद्याचा काळा कपडा यायला हवा.

काळा कपडा

हा भाग लोक सोडून देतात आणि मला तो सर्वात प्रिय आहे.

प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, करडा असतो. अंधार झाला की चित्राच्या दोन्ही बाजूंना ते करडे पट्टे दिसत राहतात, आणि प्रेक्षकाला 'पडदा उरला आहे' असं वाटतं ते त्यांच्यामुळेच. त्या पट्ट्यांवर काळा कपडा आला की पडद्याचाच आकार अकादमीचा होतो. कुणाला काही उरल्यासारखं वाटत नाही. जुन्या थेटरांत पडद्याच्या कडेचे काळे पडदे सरकायचे ते याचसाठी.

आमचा पडदा ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहे. अकादमी चौकट पूर्ण उंचीत बसवली की चित्र ६ फूट २ इंच रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना ११-११ इंच उरतात. स्कोप लावला की चित्राची उंची ३ फूट ५ इंच होते आणि वर-खाली साडेसहा-साडेसहा इंच उरतात. तुमच्या पडद्याचा हिशोब असाच: बाजूच्या पट्ट्यांसाठी उंचीला चौकटीच्या आकड्याने गुणा, वरच्या-खालच्या पट्ट्यांसाठी रुंदीला त्याच आकड्याने भागा.

कपडा जाड, मऊ, चमक नसलेला घ्या. काळं फेल्ट उत्तम, मखमल त्याहून उत्तम. साटीन अजिबात नको, प्रकाश मारतं. मी पट्ट्या दीड-दोन इंच जास्त रुंद कापल्या, बाहेरच्या कडेला लाकडी पट्टी शिवून घातली म्हणजे कपडा सरळ लोंबतो, आणि वर वेल्क्रो लावलं. आतली कड चित्रावर अगदी नखभर चढली पाहिजे. चित्राची कड कपड्यावर संपते तेव्हा ती सुरीने कापल्यासारखी स्वच्छ दिसते. कपडा नखभर मागे राहिला तर एक उजळ रेघ थरथरत राहते आणि दोन तास डोळ्यात खुपते. प्रत्येक पट्टीच्या मागे खडूने नाव लिहिलं आहे, 'अ. डावी', 'अ. उजवी', 'स्कोप वर', 'स्कोप खाली'. दोन माणसं असली की पाच मिनिटांत बदलून होतं.

स्कोपच्या वेळी सबटायटल बघून घ्या. पुष्कळ डिस्कांत ते चित्राखालच्या काळ्या पट्टीत पडतात, म्हणजे तुमच्या कपड्यावर. प्लेअरच्या सेटिंगमध्ये त्यांची जागा वर उचलता येते. ते जमलं नाही तर खालची पट्टी त्या दिवशी लावू नका, वाचता येणं जास्त महत्त्वाचं.

खरी फिल्म चालवत असाल तर

३५ मिमीची प्रत मिळण्याचं भाग्य आलं तर आधी केबिनमध्ये विचारा, अकादमीची गेट-प्लेट (प्रोजेक्टरमध्ये फिल्मपुढे बसणारी, चौकटीच्या आकाराची खिडकी असलेली पत्र्याची पट्टी) आहे का, आणि तिच्या जोडीची लेन्स आहे का. पुष्कळ थेटरांत १.८५ आणि स्कोप एवढ्या दोनच जोड्या उरल्या आहेत. प्लेट बदलली आणि लेन्स तीच ठेवली तर चित्र वर-खाली पडद्याबाहेर सांडतं. अकादमीचं चित्र त्याच उंचीत बसवायचं तर १.८५ च्या लेन्सपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त फोकल लेंग्थची लेन्स लागते, ५० मिमीच्या जागी ६७ च्या आसपास. लेन्स मिळत नसेल तर मी तो चित्रपट तिथे फिल्मवर दाखवणार नाही. चांगल्या डिजिटल प्रतीतून पूर्ण चौकट दाखवलेली बरी. मूकपटाला तिसरीच प्लेट लागते, पूर्ण रुंदीची. आणि रीळ बदलल्यावर फ्रेमिंग बघायला कुणीतरी प्रेक्षागृहात उभं असू दे, केबिनच्या खिडकीतून अर्धा इंच कळत नाही.

डिजिटल थेटरात डीसीपी, म्हणजे थेटरांसाठीची डिजिटल प्रत, असेल तर अकादमी चित्रपट १.८५ च्या चौकटीत बाजूला काळं ठेवून बसवलेला असतो, १९९८ बाय १०८० मध्ये १४८० रुंदीचं चित्र. तिथे 'फ्लॅट', म्हणजे १.८५ ची चौकट, निवडायचं. 'स्कोप' निवडलं तर डोकी जातील.

कार्यक्रमाच्या दिवशी

तासभर आधी पोहोचते. वर्तुळ टाकते, मोजते. मग चित्रपटाची श्रेयनामावली आणि मधली कुठलीही तीन ठिकाणं लावून बघते, त्यात एक चेहरा अगदी जवळून घेतलेला आणि एक पूर्ण उभा माणूस हवाच. कपडा बसवते. मागच्या कोपऱ्यातून, डाव्या आणि उजव्या टोकाच्या खुर्चीवरून बघते.

सुरू करण्याआधी दोन वाक्यं बोलते. 'हा चित्रपट जवळजवळ चौकोनी आहे, तो तसाच बनवला होता. आज तो पूर्ण दिसणार आहे.' एवढंच. हे सांगायला लागल्यापासून 'जरा मोठं करा ना' असं कुणी म्हटलेलं नाही.

मध्यंतरात प्लेअर बंद झाला, वीज गेली, कुणी केबल काढली, तर परत सुरू करताना सेटिंग जुन्यावर गेलेलं असू शकतं. दिवे मालवण्याआधी एक गोल वस्तू पुन्हा बघा.

माझ्याकडे एक वही आहे. तारीख, चित्रपट, साल, मूळ चौकट, प्रत कुठली, प्रतीत काय खोट होती, प्लेअर आणि प्रोजेक्टरचं सेटिंग काय ठेवलं. तोच चित्रपट सहा वर्षांनी पुन्हा लावायची वेळ येते तेव्हा वही उघडायची आणि 'अ. डावी', 'अ. उजवी' काढून टांगायच्या.